पेशीच्या दारावरील निरोप

मुंबईतील परळ हे नाव आमच्या बहुतेक वाचकांच्या कानावरून गेलेले असेलच. ज्यांस जनावरांच्या दुखण्यापायी सल्ला शोधावा लागला, त्यांस ते १८८६ साली तेथे स्थापन झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयामुळे ठाऊक आहे. आणि ज्यांच्या घरात कर्करोग शिरला, त्यांस २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलेल्या टाटा रुग्णालयामुळे. याच आसमंतात १९२६ साली सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय आहे, आणि प्रजननशास्त्राचा अभ्यास करणारी एक सरकारी संशोधनसंस्थाही आहे. चारही ठिकाणचे काम वरवर पाहता निरनिराळे. कोठे गाभण म्हैस, कोठे अपत्यासाठी आलेले जोडपे, कोठे गळ्यात अहवालाची पिशवी अडकवून रांगेत बसलेला मराठवाड्यातील म्हातारा. परंतु खोलात शिरले असता ही चारही कामे एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात: ‘वाढ’ असे पेशीला कोण सांगते, ती ते कशाने ऐकते, आणि ‘आता पुरे’ हे तिला केव्हा कळते? गेल्या सत्तर-पाऊणशे वर्षांत या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर हाती आले आहे. त्यातील काही भाग मेंढपाळाच्या मिळकतीशी व काही थेट माणसाच्या प्राणाशी गाठ घालणारा असल्यामुळे तो येथे सविस्तर मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

शेतकऱ्यास हा प्रश्न मुळीच परका नाही. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेविली की एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर पडतात. मेंढी पाच महिन्यांनी विते, गाय नऊ महिने उलटल्यावर. प्रत्येकाचा आरंभ एका फळलेल्या पेशीपासून होतो. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, चारांच्या आठ, हे गणित पोरासही समजेल. कोडे पडते ते पुढे. या सर्व पेशींच्या पोटात आईबापांकडून आलेले एकच दप्तर असते, त्यात एका अक्षराचाही सहसा फरक नसतो; असे असता एकीने खूर व्हावे, दुसरीने डोळ्याचे भिंग व्हावे, तिसरीने ठरल्या दिवशी थांबून दुसरीला जागा करून द्यावी, हे घडते कसे? उत्तर असे की पेशी एकटी राहत नाही. ती शेजारणींचे निरोप ऐकून वागते.

या शोधाची सुरुवात खेड्यातल्या अंड्यांवर झाली, हे सांगताना आम्हांस विशेष आनंद वाटतो. इटली देशात रिटा लेव्ही-मोंताल्चिनी नावाची एक यहुदी डॉक्टरीण होती. १९३८ च्या वंशभेदाच्या कायद्यांनी तिला विद्यापीठात काम करण्याची बंदी झाली, तेव्हा तिने आपल्या निजण्याच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून तिने शस्त्रे केली. पुढे तुरीन शहरावर बॉम्ब पडू लागले म्हणून कुटुंब खेड्यात गेले. तेथे ही बाई सायकलवरून शेतकऱ्यांच्या दारोदार हिंडून ‘मुलांसाठी हवीत’ असे सांगून फळलेली अंडी मागून आणी. तिला मूलबाळ नव्हते. अंड्यातील गर्भ काढून घेतल्यावर उरलेला बलक घरच्या स्वयंपाकात जाई. लढाईनंतर अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन यांच्या सोबतीने तिने दाखवून दिले की, शरीरातून एक सूक्ष्म द्रव्य पाझरते व ते मिळाले तरच विशिष्ट मज्जापेशी वाढतात, ना तर मरतात. कोहेन यांना पुढे दुसरेच एक द्रव्य सापडले. ते नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिलास टोचले असता त्याचे डोळे दोन आठवड्यांऐवजी एका आठवड्यातच उघडत. अशा द्रव्यांस आपण वृद्धिघटक म्हणू. १९८६ साली या दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले.

आता वृद्धिघटक पेशीजवळ पोचला म्हणजे काय होते? आम्ही उभी हयात महसूल खात्याच्या दप्तरात घालविली, त्यामुळे ही गोष्ट आम्हांस कचेरीच्या भाषेतच नीट उमगली, व तशीच सांगतो. कचेरीत आलेला कागद तडक मामलेदारांच्या मेजावर जात नाही. दाराशी बारनिशी कारकून असतो. तो कागद घेतो, आवक नोंदवितो, शिक्का मारतो, आणि मग शेऱ्यावर शेरा चढत प्रकरण आत सरकते. पेशीच्या आवरणात असेच कारकून बसविलेले असतात. त्यांचे एक टोक बाहेर, एक आत. शास्त्रज्ञ त्यांस रिसेप्टर म्हणतात. आपण ग्राही म्हणू. वृद्धिघटक हा बहुधा बाहेरच राहतो. आत जातो तो निरोप.

मौजेची गोष्ट म्हणजे पुष्कळशा ग्राहींच्या बाबतीत एकट्याची सही चालत नाही. वृद्धिघटक येऊन बिलगला की दोन ग्राही एकमेकांजवळ सरकतात, त्यांची जोडी जुळते, आणि प्रत्येक जण जोडीदाराच्या आतल्या टोकावर शिक्का उमटवितो. हा शिक्का कशाचा? ज्याच्या गोण्या आपण पेरणीच्या वेळी शेतात ओततो, त्या फॉस्फेटचा. तो शिक्का पाहून आतले एक प्रथिन जागे होते, ते दुसऱ्यास उठविते, दुसरे तिसऱ्यास, असे करीत हुकूम पेशीच्या केंद्रातील दप्तरापर्यंत जातो व तेथले नेमके पान उघडले जाते. या शिक्केवाल्या जातीचे ग्राही मनुष्यदेहात अठ्ठावन्न प्रकारचे मोजले गेले आहेत. निरोप तोच असला तरी तो कोणत्या पेशीने, कोणत्या दिवशी व कोणत्या जागी ऐकला यावर त्याचा अर्थ ठरतो. एकच परिपत्रक बागायतीच्या गावी एक अर्थ घेऊन जाते व जिरायतीच्या गावी दुसरा, तसेच हे.

आणि हुकूम बजावून झाला की प्रकरण निकाली काढावे लागते. काही मिनिटांतच पेशी तो ग्राही आत ओढून घेते व बहुधा मोडून टाकते. शिक्के पुसून काढणारी प्रथिने वेगळीच नेमलेली असतात. याकडे वाचकांनी नीट लक्ष ठेवावे, कारण पुढील सर्व कथा येथेच अडकली आहे.

कोंबडीच्या पंखाचे उदाहरण घ्या. गर्भाला तीन-चार दिवस झाले की कुशीला एक लहानसा कोंब दिसू लागतो. त्याच्या कडेला पेशींची एक बारीक मेर असते. १९४८ साली जॉन सॉंडर्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने ती मेर कापून टाकली, तेव्हा पंख अर्धवटच राहिला. लवकर कापली तर खांद्याजवळच थांबला, उशिरा कापली तर टोकाची बोटेच तेवढी उणी झाली. मेर काय करीत होती हे कळण्यास आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. ती एक वृद्धिघटक पाझरीत होती. तोच घटक भिजविलेला मणी मेरेच्या जागी बसविला असता पंख पुन्हा वाढू लागला, आणि गर्भाच्या रिकाम्या कुशीवर मणी ठेविला तर तेथे जादा पाय फुटला!

याच घराण्यातील एक ग्राही हाडांच्या कुर्चेत बसलेला असतो व त्याचे काम वाढीला लगाम घालण्याचे असते. नाव वृद्धिघटकाचे आणि काम रोखण्याचे, असेही या खात्यात चालते. मनुष्यात त्याच्या दप्तरातील एक अक्षर बदलले की तो निरोपावाचूनही लगाम ओढीत राहतो. मग हातपाय आखूड राहून माणूस ठेंगू होतो. उलट सफोक जातीच्या मेंढ्यांत तो ग्राही निकामी करणारा दोष आईबापांकडून दुहेरी आला तर कोकरू कोळ्यासारख्या लांब वाकड्या पायांचे निपजते व त्याचा काही उपयोग होत नाही. एका कारकुनाची ही दोन रूपे: एक नको तेव्हा शिक्के मारणारा, दुसरा मुळीच न मारणारा.

आता परळकडे वळू. ६ ऑगस्ट १९८६ रोजी के. ई. एम. रुग्णालयात एक मुलगी जन्मली, जिचा गर्भ प्रथम काचेच्या बशीत रुजला होता. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधनसंस्थेतील डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूचे ते यश होते. वृद्धिघटकांच्या शोधास नोबेल मिळाले तेच हे वर्ष. बशीत गर्भ काही दिवस चांगला वाढतो. पुढे मात्र त्यास गर्भाशयच हवे. का, याचे एक कारण १९९४ साली उंदरावरील अभ्यासातून पुढे आले. गर्भ चिकटण्यापूर्वी सहा-सात तास गर्भाशयाच्या अस्तरात, जेथे गर्भ टेकणार नेमक्या त्या जागीच, एक वृद्धिघटक तयार होऊ लागतो. आणि गर्भाच्या बाहेरील पेशींवर तो ऐकणारे ग्राही सज्ज असतात. पाहुणा येण्यापूर्वीच ओटीवर दिवा लागावा, तसा हा प्रकार आहे. वेळ चुकली तर गर्भ रुजत नाही. गाय फळली असे वाटून पुन्हा माजावर येते, तेव्हा आपण वळूला किंवा रेतनाच्या कांडीला दोष देतो. पुष्कळदा गर्भ धरलेला असतो व तो पहिल्या काही आठवड्यांतच जिरून जातो.

परळच्या या यशाबरोबर दप्तराची एक हकीकत जोडलेली आहे, ती सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखर्जी यांनी ३ ऑक्टोबर १९७८ रोजीच असे मूल जन्मास आणल्याचे जाहीर केले होते. सरकारी चौकशी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेविला नाही, आणि १९८१ साली त्यांनी आपल्या हाताने जीवनयात्रा संपविली. पुढे त्यांचे हस्तलिखित कागद आनंद कुमार यांच्या हाती आले. ते वाचून त्यांनी १९९७ साली उघडपणे सांगितले की, पहिलेपणाचा मान मुखर्जींचा आहे. स्वतःच्या नावची नोंद दुसऱ्याच्या नावे फेर करून देणारी माणसे आम्ही तीस वर्षांच्या नोकरीत फार थोडी पाहिली.

बशीतील गर्भाची गोष्ट येथे थांबवून त्याच्याही मागे, अंडाशयात, जाऊ. कारण ग्राहीच्या एका अक्षराने शेतकऱ्याच्या पदरात काय पडते हे तेथे दिसते, आणि ते पाहण्यास परळहून सातारा जिल्ह्यातील फलटणला जावे लागते.

दख्खनी मेंढी एका वेताला सहसा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची एक ठेंगणी जात आहे. मोठी मेंढी वजनाने पंधरा किलोच्याही आत भरते, पण जुळी-तिळी कोकरे देते. १७९२-९३ साली बंगालहून काही मेंढ्या गलबतातून ऑस्ट्रेलियास गेल्या होत्या. पुढे त्या देशात बुरूला नावाच्या एका मेंढवाड्यात अनेक कोकरे देणारी मेरिनो निपजली, तेव्हा तिचे मूळ बंगालात असावे असा तर्क हेलन न्यूटन टर्नर या विदुषीने केला. २००१ साली एकाच वेळी तीन शास्त्रज्ञ-मंडळींस आढळले की हा गुण एका ग्राहीच्या दप्तरातील एका अक्षराच्या बदलाने येतो. हा ग्राही हाडांच्या घडणीच्या वृद्धिघटकाचा, पण अंडाशयातही कामास असणारा. त्याच्या साखळीतील दोनशे एकोणपन्नासावा मणी, जो ग्लुटामीन असावयाचा, तो आर्जिनीन झाला. दुसऱ्याच वर्षी गरोळ मेंढीत हाच बदल सापडला आणि तर्क खरा ठरला.

बदलाचा परिणाम असा होतो की अंडाशयातील बीजकोश लहान असतानाच पक्व होतात. एकटा मोठा होऊन बाकीच्यांस मागे सारण्याऐवजी दोन-तीन बरोबरीने सुटतात. मेरिनोत या अक्षराची एक प्रत असली तर दर माजास सुमारे दीड अंडे अधिक सुटते, दोन प्रती असल्या तर सुमारे तीन. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात गरोळ नरांचा संकर दख्खनी मेंढीशी सुरू केला. पुढे दर पिढीत दख्खनी रक्त वाढवून अंगाने मोठी व जुळे देणारी ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. या कामी डॉ. चंदा निंबकर यांचे परिश्रम व ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांचे साहाय्य होते, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने रक्ताच्या थेंबावरून हे अक्षर ओळखण्याची चाचणी बसविली. एक प्रत असलेल्या मेंढीस वेतामागे सरासरी दीडच्या आसपास कोकरे पडतात.

चाचणीचे महत्त्व ज्यांस मेंढरे राखावयाची आहेत त्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. हा गुण नराच्या अंगावर कोठेच दिसत नाही. बाजारात उमदा एडका पाहून ‘हा जुळ्यांचा आहे’ असे सांगणाऱ्याचे बोलणे रक्त तपासल्याशिवाय मुळीच मानू नये. दोन प्रती असलेला एडका घेतला तर त्याच्या प्रत्येक मुलीस एक प्रत खात्रीने मिळते. एक प्रत असलेला घेतला तर निम्म्यांसच. आणि जुळे झाले म्हणजे मिळकत झाली असेही नव्हे. जुळ्यातील कोकरू जन्मतः हलके असते, आईचे दूध दोघांत वाटले जाते, आणि कळप चाऱ्यामागे गावोगाव चालत असेल तर दुबळे कोकरू वाटेतच गळते. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात व विल्यानंतर मेंढीस पेंड-दाणा देण्याची ज्याची ऐपत व तयारी असेल त्यानेच या वाटेस जावे. ज्याचा सारा कळप रानाच्या भरवशावर आहे त्यास एकच कोकरू परवडते, हे आमचे स्पष्ट मत आहे.

आता उरली टाटा रुग्णालयाची गोष्ट. गर्भात ज्या शिक्क्याने पंख व पाय घडतात, तोच शिक्का पन्नाशीच्या माणसाच्या पेशीत कायमचा उमटून राहिला तर गाठ होते. याचाही पहिला धडा कोंबडीनेच दिला. कोंबड्यांस रक्ताचा कर्करोग आणणारा एक विषाणू आहे. १९८४ साली असे आढळले की त्या विषाणूपाशी असलेले घातक दप्तर म्हणजे कोहेन यांच्या वृद्धिघटकाचा ग्राहीच आहे, पण बाहेरचा कान छाटलेला. कान नाही म्हणून निरोपाची वाट पाहणे नाही. आतला हात मात्र अखंड शिक्के मारीत आहे.

मनुष्याच्या काही फुप्फुस-कर्करोगांत याच ग्राहीत एखादे अक्षर बदललेले असते, आणि पाश्चात्यांपेक्षा आशियातील रुग्णांत हे प्रमाण बरेच अधिक आढळते. स्तनाच्या कर्करोगांपैकी पंधरा ते वीस टक्क्यांत त्याचाच एक भाऊ, हर-टू नावाचा, पेशीवर बेसुमार दाटलेला असतो. या हर-टूस स्वतःचा असा वृद्धिघटकच नाही. तो इतरांशी जोडी जुळवून काम करतो, आणि गर्दी झाली की आपापसांतच जोड्या जुळतात. रोगाचे मूळ शिक्क्यात आहे असे कळल्यावर औषध शिक्क्यावरच योजिले गेले. हर-टूच्या बाहेरील टोकास धरून बसणारे ट्रॅस्टुझुमॅब १९९८ साली अमेरिकेत मंजूर झाले, व २०१४ पासून त्याच धर्तीचे भारतात बनविलेले औषधही मिळू लागले. फुप्फुसाच्या ग्राहीचा शिक्का अडविणारी गेफिटिनिब ही गोळी तोंडाने घेण्याची आहे.

या गोळीविषयी परळच्या डॉक्टरांनी स्वतः एक मोठी परीक्षा केली व तिचा निकाल २०२० साली प्रसिद्ध झाला. ग्राहीतील अक्षर बदललेल्या साडेतीनशे रुग्णांचे दोन भाग केले. एकास नुसती गेफिटिनिब, दुसऱ्यास तीच गोळी आणि जोडीला शिरेतून देण्याची नेहमीची औषधे. नुसत्या गोळीने रोग मध्यमानाने आठ महिने आवरला. दोहोंनी मिळून सोळा महिने. मात्र तीव्र त्रासही पहिल्या भागात सुमारे चौथ्या हिश्शास झाला तो दुसऱ्यात निम्म्या लोकांस. आठ महिन्यांचे सोळा होणे ही थोडी गोष्ट नव्हे. एक सबंध पीक घरी येते तेवढा तो काळ आहे. तरी हा रोग समूळ गेला असे कोणी समजू नये. काही काळाने पेशी त्याच ग्राहीत आणखी एक अक्षर बदलून गोळीस चुकविते, मग नवी गोळी शोधावी लागते, आणि तशा गोळ्या आता निघाल्या आहेत.

म्हणून ज्यांच्या घरचे माणूस अशा दुखण्याने परळास न्यावयाचे आहे, त्यांनी एक गोष्ट आधीच करावी. गावाकडे किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी गाठीचा तुकडा काढला असेल, तर तो मेणाच्या वडीत बसवून ठेविलेला असतो. ती वडी व काचेच्या पट्ट्या मागून घेऊन अहवालासह सोबत न्याव्या. ग्राहीची तपासणी त्याच तुकड्यावर होते. वडी गावीच राहिली तर ती आणविण्यात दिवस जातात, किंवा पुन्हा सुई टोचून तुकडा काढावा लागतो. ‘ग्राहीची तपासणी केली काय व तिचे काय आले’ हे डॉक्टरांस विचारण्यास संकोच धरू नये. उत्तर कागदावर लिहून घ्यावे आणि त्या कागदाची एक नक्कल घरी ठेवावी.